कॉलनीने प्राणी वाचवणाऱ्या ग्रुपला दर महिन्याला पैसे द्यावेत का? (सांगली-मिरज)

विश्रामबागकर :
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये या विषयावरनं एवढं वाजलं की चहा गार झाला तरी कुणी कप उचलला नाही, म्हणून म्हटलं इथं टाकावं, इथं निदान एका वेळी एकच जण बोलतो.

झालंय असं. आपल्याकडं पोरापोरींचा एक ग्रुप आहे, नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात पण नको आणि बदनामी पण नको. गाडीखाली आलेलं कुत्रं, विहिरीत पडलेलं मांजर, मांज्यात अडकलेली घार, घरात निघालेला साप, काही असलं की यांना फोन. शहराबाहेर भाड्याच्या जागेत पत्र्याचं शेड मारलंय, तिथं उपचार करतात. बहुतेक जण नोकरी कॉलेज सांभाळून हे करतात. त्यांनी कॉलनीला विचारलंय की घरटी महिन्याला ५० रुपये द्याल का, तुमच्या गल्ल्यांतल्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस मग आमच्याकडं लागली.

अर्धे म्हणाले द्या, अर्धे म्हणाले माणसांना मिळंना आणि कुत्र्यांना कशाला. मी ना कुत्रेवाला ना कुत्रेविरोधी, आमच्या घरात साधा फिश टँक पण नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, ज्याला प्राणी आवडत नाहीत त्या माणसाला या लोकांचा उपयोग काय? पुण्य, भूतदया, मुकी जनावरं हे सगळं बाजूला ठेवून सांगा.

हळद_बाजार :
५० रुपयात हल्ली भडंगचं धड पाकीट येत नाही आणि त्यावर मीटिंग घेतली? सांगलीकर ते सांगलीकर :) माझं मत, द्या. कारण विचारू नका, माझ्या गोदामात मांजरी आहेत म्हणून पोत्यांना उंदीर लागत नाहीत एवढंच मला कळतं.

आमराई_आजोबा :
हसण्यावारी नेऊ नका. माझ्या नातवाला क्लासवरनं येताना पोटरीला चावलं. इंजेक्शनच्या फेऱ्या झाल्या, पोरगं अजून सायकल घेऊन त्या गल्लीतनं जात नाही. पहाटे फिरायला निघायचं तर हातात काठी लागते. आणि रात्री कोण कोण स्कुटीवरनं येऊन दारात भात टाकून जातात, कुत्री तिथंच ठाण मांडतात, मग रात्रभर बोंब. कुणी बोललं की कायदा दाखवतात. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना उचला म्हणून? मग उचला की सगळी आणि घाला शेल्टरमध्ये. त्याला ५० काय १०० देतो.

काठावरची :
काका, मी याच कामात आहे, विश्रामबागकर म्हणतात त्या ग्रुपमध्ये नाही, आमचा मिरजेच्या बाजूला आहे. नातवाचं वाचून वाईट वाटलं. आणि दारात भात टाकणं चूकच आहे, हे मी आमच्याही लोकांना सांगून थकले. २०२३ च्या एबीसी नियमांत, म्हणजे ॲनिमल बर्थ कंट्रोलच्या, स्पष्ट लिहिलंय की जिना, बिल्डिंगचं तोंड, मुलांची खेळायची जागा इथं खायला घालायचं नाही, जागा आणि वेळ ठरवून घ्यायची.

आता कोर्टाचं. ११ ऑगस्ट २०२५ ला दोन न्यायाधीशांनी जे सांगितलं, सगळी उचला आणि परत सोडू नका, ते दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी होतं. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या बेंचने ते बदललं. नसबंदी, लस, जंताचं औषध झालं की जिथनं उचललं तिथंच सोडायचं, फक्त रेबीज झालेलं, संशयित किंवा अंगावर येणारं असेल तर सोडायचं नाही. पुढं ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, खेळाची मैदानं असल्या जागांबद्दल वेगळा आदेश आला, तिथली उचलायची आणि परत तिथं सोडायची नाहीत. म्हणजे तुम्ही म्हणताय ते शाळेच्या आवारातल्या कुत्र्याला लागू आहे, तुमच्या गल्लीतल्याला नाही.

आणि खरं सांगू का, कायदा नसता तरी मी "सगळी शेल्टरमध्ये घाला" याला नाहीच म्हणाले असते, प्राण्यांचं काम करते म्हणूनच. शेल्टर भरलं की काय होतं ते बाहेरनं कळत नाही. एक पिल्लू पार्वो घेऊन आलं की रक्ताची हगवण लागून अख्खा कोपरा आडवा होतो. डिस्टेंपर, हा कुत्र्यांचा दुसरा साथीचा रोग, आला तर त्याहून वाईट. पार्वोचा विषाणू फरशीवर जमिनीत महिनोन्महिने टिकतो, नुसतं फिनेलने जात नाही. दहा जागा असताना चाळीस जनावरं ठेवली तर ते गोदाम झालं. आम्हाला गोदाम नकोय, दवाखाना पाहिजे, आत येईल, बरं होईल, ऑपरेशन होईल, बाहेर जाईल.

आमराई_आजोबा :
बाहेर जाईल म्हणजे परत माझ्याच दारात.

काठावरची :
हो काका, तुमच्याच दारात. पण लस टोचलेलं, पिल्लं न होणारं, नसबंदीची खूण म्हणून कानाला कट मारलेलं. ते तिथं राहिलं तर नवीन येऊ देत नाही. तुम्ही ते पोत्यात घालून एमआयडीसीत सोडून आलात (काका तुम्ही नव्हे, पण करतात लोक) तर जागा मोकळी होते, गल्लीतला कचरा आणि चिकनवाल्याची आतडी तिथंच असतात, दुसरी येतात, ती अनोळखी, बिनलशीची, एकमेकांशी भांडणारी. चावे त्यात जास्त होतात.

शिरवळ_रिटर्न :
ताईंचं बरोबर आहे, थोडं डॉक्टरी सांगतो. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातनं बाहेर पडलोय, आता वाळव्याकडं प्रॅक्टिस करतो, जास्त करून म्हशी.

विश्रामबागकर, तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर रेबीज आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये जवळजवळ ९९ टक्के वेळा कारण कुत्रं असतं, आणि एकदा लक्षणं दिसली की तो माणूस वाचत नाही असंच धरायचं. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर केसेस नोंदवल्यात, हा सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे. आता यात गंमत अशी की माणसाला चावल्यावर दिलेली लस त्या एका माणसाला वाचवते, रोग गावात तसाच राहतो. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस बसली आणि ती दरवर्षी चालू राहिली तर रोगाची साखळीच तुटते. ज्याला कुत्री आवडत नाहीत त्याने खरं तर सगळ्यात आधी पैसे द्यायला पाहिजेत.

लांब नाही, गोव्यात बघा. २०१३ ला मिशन रेबीज नावाची संस्था आली, सरकारबरोबर दारोदारी फिरून, जाळी टाकून कुत्र्यांना लस टोचत सुटले, शाळांत जाऊन पोरांना शिकवलं. २०१८ पासून पुढं काही वर्षं तिथं माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नाही, २०२१ ला राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालं. कुत्री गोव्यात आजही आहेत, बीचवर जाऊन बघा, पसरलेली असतात. रेबीज आटोक्यात आला.

हे काम नुसत्या सरकारी माणसांवर होत नाही. कुठल्या गल्लीत किती कुत्री, कोणती मादी कुठं व्याली, कोण हाताला लागतं कोण लागत नाही हे फक्त या खायला घालणाऱ्या पोरींना माहीत असतं. त्यांना वगळून गाडी आली तर गरीब कुत्री सापडतात आणि जी पळतात तीच शिल्लक राहतात.

नाव_काय_ठेवू :
डॉक्टर एक शंका, पिल्लू चावलं तरी इंजेक्शन घ्यायचं का? आमच्या भाच्याला महिन्याभराचं पिल्लू लागलंय, आई म्हणते पिल्लाला कुठला आलाय रेबीज.

शिरवळ_रिटर्न :
घ्यायचं. आजच. पिल्लाला पण होतो. आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, हे सगळे टाळतात आणि तेच सगळ्यात कामाचं आहे. हळद, चुना, मिरचीपूड, बिब्बा काही लावू नका. मग सरकारी दवाखान्यात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे पूर्ण करायचे, मध्ये सोडायचे नाहीत. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन वेगळं असतं, ते विचारून घ्या. पिल्लू दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण त्याची वाट बघत लस थांबवू नका.

नाव_काय_ठेवू :
निघालो. आईला हा धागा दाखवला, म्हणाली एवढं लिहिलंय म्हणजे जा.

जतचा_खोंड :
शहरातल्या लोकांचं कुत्र्यावरच अडकलंय. आमच्याकडचं ऐका जरा. दोन वर्सामागं आमच्या वस्तीवर पिसाळलेलं कुत्रं आलं आणि शेजाऱ्याच्या म्हशीला चावलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हैस पुढं पिसाळली, हंबरून हंबरून आवाज बसला, लाळ गळाय लागली, गेली. पाऊण लाखाची म्हैस ओ. आणि मग वस्तीवर बोंब, त्या म्हशीचं दूध कुणी कुणी प्यालं. सगळी गाडी भरून तालुक्याला, बायाबापड्या रडायल्यात. डॉक्टरने सांगितलं उकळलेल्या दुधाला काय होत नाही, तवा जीव खाली पडला. त्यानंतर या असल्याच एका ग्रुपची पोरं येऊन वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांना, धनगराच्या कुत्र्यांना पण, फुकट लस टोचून गेली. २८ सप्टेंबरला रेबीज दिवस असतो म्हणं, तवापासून दरवर्षी त्या टायमाला येत्यात. मी तर एक पोतं ज्वारी दिली त्यांना, पैसं नव्हतं म्हणून. तुम्ही ५० रुपड्याचं काय घेऊन बसलाय.

दुसरं, भाकड जनावरांचं कोण बोलंना. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर बैल पण विकता येईना. म्हातारा बैल दावणीला उभा करून त्याला चारा घालायचा का पोराची फी भरायची? मग लोक रात्री सोडून देत्यात, ती हायवेवर येत्यात, मोटरसायकलवाला जातो. गोशाळेला सरकार देशी गाईमागं दिवसाला ५० रुपये देतंय २०२४ पासून. बरं झालं. पण जर्शी? बैल? म्हशी? त्यांची जबाबदारी कुणाची? असलं शेड कुणी चालवत असंल तर ते शेतकऱ्याचंच काम करायलंय.

मिरज_जंक्शन :
सगळे एकाच बाजूने बोलायला लागलेत म्हणून मी उलटं बोलतो. मी पैसे देऊन बसलोय अशा एका ठिकाणी (गाव पण सांगत नाही). रील बघितली, जखमी कुत्र्याचा फोटो, खाली क्यूआर कोड, मन विरघळलं, पाठवले. नंतर कळलं तोच फोटो आणखी तीन पेजवर वेगवेगळ्या गावांच्या नावाने फिरतोय. प्रत्यक्ष गेलो तर शेड वगैरे काही नाही, एका बंगल्याच्या मागं पंधरा-वीस कुत्री साखळीला, वास डोक्यात जात होता. प्राणीप्रेमाच्या नावाखाली हे पण चालतं. कॉलनीच्या पैशाचा हिशोब कोण देणार? विश्रामबागकर, आधी ते विचारा.

काठावरची :
मिरज जंक्शन, अगदी बरोबर बोललात, असल्या पेजमुळं आमचं नाव खराब होतं. बघायचं कसं ते सांगते, आमच्याबाबतीतही असंच बघा.

संस्था रजिस्टर आहे का, ऑडिट होतं का, देणगीची पावती मिळते का. नसबंदी स्वतः करतो म्हणत असतील तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता लागते, ती कागदावर बघा. पण कागदापेक्षा मी म्हणेन न सांगता एका सकाळी जाऊन या. सावली आहे का, पाण्याची भांडी शेवाळलीत का, आजारी जनावरं वेगळी ठेवलीत का, डॉक्टर कधी येतात आणि त्यांची वही कुठाय. आणि एक प्रश्न जरूर विचारा, गेल्या महिन्यात किती मेली? जो म्हणेल एकही नाही तो खोटं बोलतोय. गाडीखाली आलेली, आतडी बाहेर आलेली जनावरं येतात, सगळी कशी वाचतील.

अजून एक, कोण "नाही" म्हणतो का ते बघा. चांगला ग्रुप जागा नसली की नाही म्हणतो आणि शिव्या खातो. पंधरा-वीस साखळीला बांधणारा नाही म्हणू शकत नाही. तो वाईटच असतो असं नाही, पण प्राण्यांचे हाल तिथं पण होतात.

विश्रामबागकर :
हे "नाही म्हणणं" इंटरेस्टिंग आहे. आमच्या मीटिंगमध्ये एकाची तक्रार हीच होती की फोन केला तर आले नाहीत, मग कशाला पैसे द्या.

काठावरची :
फोन कशासाठी केला होता विचारा. मी आम्हाला येणारे फोन सांगते. "आमच्या कंपाउंडमध्ये मांजरीने पिल्लं घातलीत, घेऊन जा." त्यांची आई आहे ओ, दूध पाजतीय, आणून करू काय. "कुत्रा म्हातारा झालाय, आम्ही पुण्याला शिफ्ट होतोय." हा लॅब्राडोर, नऊ वर्षं घरात झोपलेला, आणून देणारा माणूस गाडीतनं उतरत पण नाही. "शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो." "मेलेलं डुक्कर पडलंय." मेलेल्या जनावरासाठी सुद्धा आम्हालाच फोन, आणि वर आवाज चढवून, आम्ही पगारी नोकर असल्यासारखं. आमच्यातली निम्मी पोरं दोन-तीन वर्षांत सोडून जातात, प्राण्यांना कंटाळून नाही, माणसांना कंटाळून. नवीन पोरगं आलं की आधी त्याला रेबीजची आगाऊ लस घ्यायला लावतो, त्याचे पण पैसे खिशातनंच.

मी चिडले नाहीये. थोडी चिडलेय.

आणि कायद्याचा धाक म्हणाल तर १९६० च्या कायद्यात जनावराला छळल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. अजूनही तेवढाच. जिवे मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत, पण तक्रार द्यायला शेजारी कोण उभा राहतोय?

गावभाग_पूररेषा :
मी फारसं लिहीत नाही इथं, पण पुराचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, इशारा ४० ला आणि धोका ४५ ला असतो, म्हणजे अंदाज करा. आमच्या गल्लीत बोट आली तेव्हा शेजारच्या काकू बसायला तयार नाहीत. का, तर दोन मांजरं आणि एक म्हातारा कुत्रा. बोटवाला म्हणाला माणसं आधी. बरोबरच आहे त्याचं. पण काकू बसेनात म्हणून त्यांचा मुलगा बसेना, मुलगा बसेना म्हणून सून आणि नात बसेना. एका कुत्र्यापायी पूर्ण घर पाण्यात. दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या प्राणी वाचवणाऱ्या लोकांची बोट आली, पिंजरे घेऊन, तेव्हा सगळे निघाले. भिलवडी, पलूसकडं तर गोठ्यात जनावरं बांधलेली म्हणून बापयमाणसं माडीवर बसून राहिली होती.

नंतर वाचलं की अमेरिकेत पण असंच झालेलं, २००५ च्या कॅटरिना वादळात. आपला पण एक मोठा पूर २००५ चाच. तिथं प्राणी सोडून जावं लागतंय म्हणून लोक घरातनं निघेनात, मग २००६ ला कायदाच केला की आपत्तीच्या प्लॅनमध्ये पाळीव प्राण्यांची सोय लिहायची. आपल्याकडं २०१९ नंतर २०२१ ला परत पाणी आलं आणि परत तीच रडारड. दरवर्षी पावसाळ्याआधी ज्या मीटिंगा होतात त्यात या ग्रुपवाल्यांना एक खुर्ची दिली तर बरीच माणसं वेळेत निघतील असं माझं म्हणणं.

एक सांगतो सगळ्यांना, पाणी वाढायला लागलं आणि जनावर नेता येत नसेल तर दावं सोडा नाहीतर कापा, दार उघडं टाका. म्हैस पोहते. दाव्याला बांधलेली जागेवर मरते. पाणी उतरल्यावर ती मढी आम्ही बघितलीत, त्या वासात आठवडा काढलाय, आणि वर लेप्टोच्या तापाची भीती, गुडघाभर चिखलात उतरायचं तर सरकारी माणसं गोळ्या वाटत होती.

जतचा_खोंड :
भावा त्याच साली उन्हाळ्यात आमच्याकडं चारा छावण्या होत्या. तिकडं जनावरं बुडत होती, इकडं टँकर. एकाच जिल्ह्यात.

पण छावणीवरनं आठवलं, छावणी पण शेल्टरच की. तिथं सरकारने पैसे दिलं, गावाने माणसं दिली, तवा ती चालली. कुणी म्हणलं नाही जनावराला कशाला. कारण ते जनावर दूध देतंय.

सर्पमित्र_शिराळा :
सापाचं मी सांगतो. आमच्या गावाचं नाव घेतलं की लोकांना नागपंचमीच आठवते आणि मग कोर्टाची बंदी आणि मग भांडण, ते नको. पूर उतरला की घराघरात साप निघतात, पिठाच्या डब्यामागं, फ्रीजखाली. नव्वद टक्के वेळा धामण, नाहीतर दिवड, बिनविषारी. पण लोक काठी घेऊन मारायला जातात आणि तेव्हाच चावा बसतो. आम्ही गेलो की साप पण वाचतो आणि माणूस पण. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाला चावला तर घरचे देवळात नेत असतात, त्यांना गाडीत घालून सरकारी दवाखान्यात पोचवणारा पण बऱ्याचदा सर्पमित्रच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, साप मारून बरोबर न्यायची काही गरज नाही. चावलेल्या जागी ब्लेड मारू नका, दोरी आवळू नका, हात हलवू नका, निघा.

आणि ऊसतोड चालू झाली की एक विनंती. फडात बछडी सापडली तर उचलून घरी आणू नका, फोटो काढत बसू नका. बऱ्याच वेळा ती बिबट्याची नसतातच, रानमांजराची नाहीतर वाघाटीची असतात. बिबट्याची असली तर आई शंभर पावलांवर असते आणि ती चिडलेली असते. वनखात्याचा १९२६ नंबर आहे, त्यावर फोन करा. ते लोक बछडी क्रेटमध्ये घालून त्याच जागी संध्याकाळी ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. घरी आणलेलं बछडं जन्मभर पिंजऱ्यात जातं आणि आई त्या शिवारात पोरं शोधत फिरते, मग पाणी पाजायला रात्री जाणारा माणूस धोक्यात.

हळद_बाजार :
प्राणी म्हटल्यावर नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीबद्दल कुणी काहीच कसं बोललं नाही अजून? जामनगरला नेली ती योग्य का अयोग्य?

धागा_राखणदार :
हळद बाजार, नको. त्याचे तीन धागे कुलूप लावून बंद केलेत. इथं कॉलनी, वर्गणी, रेस्क्यू एवढंच.

हळद_बाजार :
बरं. गोदामात जातो.

मिरज_जंक्शन :
मूळ मुद्द्यावर येऊ. मी अजून म्हणतो की हे काम मुळात टॅक्स घेणाऱ्यांचं आहे. नियमात लिहिलंय नसबंदी स्थानिक संस्थेने करायची. आपण टॅक्स पण भरायचा आणि ५० पण द्यायचे? उद्या रस्त्यावरच्या दिव्यांना पण वर्गणी काढा.

शिरवळ_रिटर्न :
तत्त्व म्हणून मान्य. पण कुत्री तत्त्वासाठी थांबत नाहीत. मादी साधारण दोन महिन्यात, ६३ दिवस धरा, पिल्लं देते, वर्षातनं दोनदा माजावर येते, एका वेतात चार-सहा पिल्लं. टेंडर निघून, कुणी भरून, मंजूर होईपर्यंत गल्लीत नवी पिढी तयार. दोन्ही करा. अर्ज पण लावून धरा, आणि अर्जावर कॉलनीच्या सह्या असल्या तर ग्रुपच्या पोरांपेक्षा जास्त वजन पडतं हे मी बघितलंय.

आमराई_आजोबा :
मी सगळं वाचलं. वेळ लागला, अक्षर बारीक आहे. रेबीजचं पटलं. दारात भात टाकणं चूक आहे हे त्या मुलीने आपणहून लिहिलं तेही बरं वाटलं, आजपर्यंत समोरून कुणी मान्य केलं नव्हतं. माझ्या अटी सांगतो. खायला घालायची जागा कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, रात्री दहाच्या आत, आणि नंतर पत्रावळी उचलायच्या. ज्याने नातवाला चावलं ते कुत्रं आधी न्यायचं आणि डॉक्टरने बघायचं. चिकनवाल्याला कचरा झाकलेल्या डब्यात ठेवायला मी स्वतः सांगतो, तो माझा जुना विद्यार्थी आहे.

काठावरची :
काका तिन्ही अटी बरोबर आहेत. तुमच्याकडच्या ग्रुपमध्ये माझी मैत्रीण आहे, तिला पाठवते हे. चावणारं कुत्रं आधी न्यायचंच, बऱ्याचदा आजूबाजूला पिल्लं असलेली मादी निघते किंवा पाठीत जखम असते कुठंतरी, अळ्या पडलेल्या, हात लागला की कळवळून चावतं. (अळ्या दिसल्या तर रॉकेल, फिनेल, ॲसिड ओतू नका कुणी, फोन करा. डॉक्टर जवळ नसेल आणि जनावर मोठं असेल तर १९६२ ला लावा, फिरता दवाखाना येतो.)

विश्रामबागकर :
मंडळी, मला पाहिजे ते मिळालं. रविवारी परत मीटिंग आहे, काय मांडणार ते सांगतो. सक्तीची वर्गणी नाही, ज्याला द्यायचे तो देईल. पैसे सरसकट ग्रुपला न देता आपल्या चार गल्ल्यांतल्या कुत्र्यांच्या नसबंदी आणि लसीच्या बिलापोटी, बिल दाखवलं की चेक. कुठलं कुत्रं झालं कुठलं राहिलं त्याचा तक्ता नोटीस बोर्डवर. अर्जावर सह्या. आणि पूर आला तर कम्युनिटी हॉलची मागची खोली पाळीव प्राण्यांसाठी मोकळी ठेवायची, हे गावभागवाल्यांमुळं सुचलं, आमच्याकडं पाणी येत नाही पण पाहुणे येतात आणि गेल्या वेळी एकांचा कुत्रा चार दिवस गाडीत होता.

मिरज जंक्शन, तुम्ही हिशोब तपासायला याल का? फुकट. चहा देऊ, गरम.

मिरज_जंक्शन :
येतो. पण न सांगता शेडवर जायचं, आधी फोन करायचा नाही.

आमराई_आजोबा :
लस टोचायला कधी येणार आहेत ते नोटीस बोर्डवर लावा. कोपऱ्यावरचं तांबडं कुत्रं मला काठीमुळं ओळखतं, मी असलो की येणार नाही. मी त्या दिवशी घरात बसेन.

काठावरची :
घरात नको काका, उलट काठी न घेता बाहेर या, तुमच्याकडं बघत उभं राहिलं की मागनं जाळी टाकायला सोपं जातं. फक्त सातच्या आत उरकायला लागेल, ऊन वर आलं की ती गाड्यांच्या खाली शिरतात आणि मग कुणाच्या बापाला निघत नाहीत.